समुद्राला पाणी आलं कुठून?

आजचा विषय पाणी. ज्यांच्या दारात दर्या आहे आणि डोक्यावर चार महिने पाऊस असतो, अशा सिंधुदुर्गातल्या माणसांना पाण्याबद्दल नवीन काय सांगायचं, असं कुणालाही वाटेल. पण एक प्रश्न असा आहे, की शाळेतली मुलं तो हमखास विचारतात आणि मोठी माणसं विचारायचं सोडून देतात. नदीला पाणी पावसाचं, पावसाला पाणी समुद्राचं, हे ठीक. मग समुद्राला पाणी आलं कुठून?

जलचक्राचं चित्र आपण सगळ्यांनी वहीत काढलेलं आहे. समुद्र, वाफ, ढग, डोंगर, नदी, पुन्हा समुद्र. बाण गोल फिरत राहतात. त्या चित्रात पाणी फिरतं कसं ते कळतं, पण ते पहिल्यांदा आलं कसं, याला तिथे जागाच नसते. आज आपण त्या गोलाच्या बाहेर जाणार आहोत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: या प्रश्नाचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही. खटला चालू आहे, साक्षीदार येतायत, काहींची साक्ष फिरलेलीसुद्धा आहे. पण पुरावा कसा तपासला जातो, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

आधी हिशेब: पाणी आहे तरी किती?

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो. तो नारळ म्हणजेच पृथ्वी, असं धरू. २० सेंटीमीटर व्यासाचा चांगला असोला नारळ. खऱ्या पृथ्वीचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटर आणि समुद्राची सरासरी खोली सुमारे ३.७ किलोमीटर. त्या प्रमाणात नारळावर समुद्राचा थर किती जाड बसेल? एका मिलिमीटरचे सतरा भाग केले, तर त्यातला एक. नारळ पाण्यात बुडवून वर काढल्यावर त्याला जो ओलावा चिकटून राहतो, तेवढाच म्हणा ना.

आता पृथ्वीवरचं सगळं पाणी, म्हणजे समुद्र, बर्फ, नद्या, भूजल, ढग, सगळं एकत्र करून त्याचा गोळा केला, तर त्याचा व्यास होतो साधारण १,३८५ किलोमीटर. आपल्या नारळाशेजारी तो गोळा सोललेल्या सुपारीएवढा दिसेल. वजनात बोलायचं, तर पृथ्वीच्या सव्वाचार हजार किलोंमागे समुद्राचं पाणी फक्त १ किलो.

म्हणजे जिला आपण निळा ग्रह म्हणतो, ती पृथ्वी तशी कोरडीच आहे. उलट गुरूचा चंद्र युरोपा पाहा. तो आपल्या चंद्राहूनही लहान आहे, पण त्याच्या बर्फाच्या कवचाखाली जो समुद्र आहे, त्यात पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधला सीरिस हा बटुग्रह घ्या, त्याच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा पाणी आहे. तेव्हा सूर्यमालेत पाण्याला तोटा नाही. ते सूर्यापासून लांब आहे, इतकंच. त्यामुळे आपल्या एका प्रश्नाचे दोन झाले. सूर्याजवळ पाणी इतकं कमी का? आणि आहे ते तरी इथे पोचलं कसं?

हायड्रोजन, ऑक्सिजन आणि विजयदुर्गचा कट्टा

पाण्याचा रेणू म्हणजे दोन अणू हायड्रोजनचे आणि एक ऑक्सिजनचा. यातला हायड्रोजन सगळ्यात जुना. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम यांची अणुकेंद्रं तयार झाली. हा हायड्रोजन आजही विश्वात सगळीकडे पसरलेला आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिचं एक मोठं काम या हायड्रोजनचा आवाज ऐकणं हेच. या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेला हायड्रोजनचा संदेश टिपल्याचं २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं.

ऑक्सिजन मात्र महास्फोटात झाला नाही. तो ताऱ्यांच्या पोटात शिजला. आणि तो ज्या शिध्यातून शिजला, त्याच्याशी या जिल्ह्याचं एक नातं आहे.

विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचा कट्टा म्हणून दाखवतात, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हेलियमचा शोध इथे लागला, असं आपल्याकडे सांगितलं जातं. यातला नेमका इतिहास असा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी गुंटूरहून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, तिथूनच त्या ज्वाळांचा वर्णपट टिपला. त्यातली एक पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. हेच ते हेलियम. पृथ्वीवर ते सापडलं १८९५ मध्ये, रॅम्झी यांना. आणि लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठा लवाजमा आणि उपकरणं घेऊन. म्हणजे कट्ट्याचं महत्त्व खरं आहे, फक्त तारीख तीस वर्षं पुढची आहे. हे सांगितल्याने विजयदुर्गचा मान कमी होत नाही. तारा कशाचा बनलेला आहे हे त्याच्या उजेडावरून ओळखायचं, या शास्त्राच्या उमेदीच्या काळात तो किल्ला वेधशाळा झाला होता.

हे सगळं पाण्यासाठी का सांगतोय? कारण ऑक्सिजन हेलियमपासूनच होतो. ताऱ्याच्या गाभ्यात तीन हेलियम एकत्र येऊन कार्बन होतो आणि त्या कार्बनला आणखी एक हेलियम मिळाला की ऑक्सिजन. ऑक्सिजनचं एक अणुकेंद्र म्हणजे चार हेलियमचा हिशेब. मोठे तारे आयुष्याच्या शेवटी फुटतात आणि हा ऑक्सिजन अवकाशात उधळला जातो.

आता मोजदाद करा. विश्वात सगळ्यात जास्त हायड्रोजन, मग हेलियम, तिसरा नंबर ऑक्सिजनचा. यातला हेलियम कुणाशीच संयोग करत नाही. मग उरलेले दोन सर्वाधिक असलेले गडी एकमेकांना भेटले, की होणार काय? पाणीच. म्हणून पाणी ही विश्वातली दुर्मीळ गोष्ट नाही. तारे जिथे जन्मतात त्या ढगांमध्ये पाण्याची वाफ असल्याचं १९६९ मध्येच रेडिओ दुर्बिणींनी दाखवून दिलं.

धुळीच्या कणावरचं दव

दोन वायू अवकाशात नुसते समोरासमोर आले म्हणून पाणी होत नाही. त्यांना टेकायला जागा लागते. ती जागा म्हणजे धूळ. ताऱ्यांमधल्या काळ्याकुट्ट ढगांत तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेलेलं असतं. त्या थंडीत धुळीच्या सूक्ष्म कणांवर ऑक्सिजनचे अणू येऊन चिकटतात, हायड्रोजनचे अणू येतात, आणि कणावरच पाण्याचा रेणू तयार होतो. पहाटे गवताच्या पात्यावर दव धरावं तसा कणावर बर्फाचा लेप चढतो. फरक एवढाच, की दव हवेतल्या तयार वाफेचं होतं. इथे पाणी कणावरच जन्माला येतं.

साधारण ४५७ कोटी वर्षांपूर्वी असाच एक ढग आपल्याच वजनाने आकसला. मध्ये सूर्य पेटला, भोवती वायू आणि धुळीची एक चकती फिरू लागली. त्या चकतीतून ग्रह झाले. प्रश्न असा, की जुन्या ढगातला बर्फ या उलथापालथीत टिकला, की तो सगळा मोडून पाणी नव्याने तयार झालं? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचा निष्कर्ष असा, की समुद्राच्या पाण्यातला मोठा वाटा, कदाचित निम्म्यापर्यंत, सूर्याच्याही आधीचा आहे. २०२३ मध्ये मृग नक्षत्राच्या दिशेला, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरच्या एका बालताऱ्याच्या चकतीत पाण्याची वाफ तपासली, तेव्हाही तिथलं पाणी जुन्या ढगातल्यासारखंच निघालं.

‘ढगातल्यासारखं’ म्हणजे काय? पाणी पाण्यासारखंच असतं ना? इथेच गोष्टीची किल्ली आहे.

पाण्याचा ठसा आणि शिरोड्याचं मीठ

हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, त्याला ड्युटेरियम म्हणतात. वजन जवळजवळ दुप्पट, बाकी स्वभाव तोच. समुद्राच्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजनमागे एक ड्युटेरियम असतो. सूर्य ज्या मूळ वायूतून झाला, त्यात हे प्रमाण साधारण ५०,००० मागे एक होतं. म्हणजे आपल्या समुद्रात जड हायड्रोजन सूर्याच्या मानाने सात-आठ पट जास्त आहे. अतिथंडीत बर्फ तयार होताना ड्युटेरियमला झुकतं माप मिळतं, म्हणून जुन्या ढगांतल्या बर्फात तो जास्त असतो. जड आणि हलक्या हायड्रोजनचं हे प्रमाण म्हणजे पाण्याचा बोटाचा ठसा. पाणी कुठे जन्मलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्यात उमटतं.

पुढे काय झालं, हे समजायला शिरोड्याला जाऊ. १९३० च्या सत्याग्रहाने शिरोड्याचं मीठ साऱ्या देशाला माहीत झालं. मिठागरात काय करतात? भरतीचं पाणी वाफ्यात घेतात, उन्हात आटवतात, मीठ मागे राहतं. पण आटताना आणखी एक गोष्ट डोळ्याला न दिसता होते. हलके रेणू आधी उडतात, जड रेणू मागे रेंगाळतात. त्यामुळे पाणी आटू लागलं, की उरलेल्यात जडाचं प्रमाण थोडं वाढतं. तेव्हा कुठल्याही ग्रहावर जड हायड्रोजन फार जास्त दिसला, तर पहिला संशय घ्यायचा: इथलं पाणी आटलंय. हा नियम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सूर्याजवळ कोरड का पडली

अवकाशात हवेचा दाब नाही, त्यामुळे द्रव पाणी तिथे राहत नाही. एक तर बर्फ, नाही तर वाफ. सूर्याभोवतीच्या त्या चकतीत उणे शंभर अंशांच्या आसपास ही सीमा होती. तिच्या आत पाणी वाफेच्या रूपात, पलीकडे बर्फ. तिला हिमरेषा म्हणतात. ती होती सूर्यापासून साधारण ४० कोटी किलोमीटरवर, म्हणजे आज जिथे लघुग्रहांचा पट्टा आहे तिथे. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, म्हणजे हिमरेषेच्या बरीच आत.

ग्रह धुळीचे कण आणि दगड एकमेकांना चिकटून वाढतात. वाफ चिकटत नाही, बर्फ चिकटतो. म्हणून हिमरेषेच्या पलीकडे जे ग्रह आणि चंद्र झाले त्यांना पोटभर पाणी मिळालं, आणि आतले बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ दगड-लोखंडाचे राहिले. पृथ्वीवर पाणी कमी का, याचं उत्तर हे.

मग हे थोडंसं तरी पोचलं कसं? इथे तीन संशयित आहेत.

संशयित पहिला: धूमकेतू

धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फ. ते येऊन आदळले आणि समुद्र भरला, ही कल्पना फार दिवस लोकप्रिय होती. १९८६ मध्ये हॅले धूमकेतू आला, तेव्हा युरोपच्या जिओट्टो यानाने त्याच्या पाण्याचा ठसा घेतला. जड हायड्रोजन समुद्राच्या दुप्पट! ठसा जुळला नाही. पुढे २०११ मध्ये हार्टली-२ या धूमकेतूचा ठसा घेतला, तो समुद्राशी बरोब्बर जुळला. धूमकेतूवाल्यांना जोर आला. २०१४ मध्ये रोझेटा यान ६७पी या धूमकेतूपाशी पोचलं, आणि तिथे प्रमाण निघालं समुद्राच्या तिप्पटीहून जास्त. पुन्हा पाणी फिरलं. गोष्ट इथेच थांबत नाही. २०२४ मध्ये रोझेटाचे तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की धूमकेतूभोवतीच्या धुळीमुळे जड पाण्याचं माप वाढून येत होतं. धुळीपासून लांबची मोजमापं घेतली तर ठसा समुद्राच्या पुष्कळ जवळ येतो.

म्हणजे ठशावरून धूमकेतू सुटतही नाहीत आणि अडकतही नाहीत. पण दुसरा एक साक्षीदार आहे, झेनॉन हा वायू. धूमकेतूवरच्या झेनॉनचा ठसा पाहता, पृथ्वीच्या हवेतल्या झेनॉनपैकी सुमारे पाचवा हिस्सा धूमकेतूंनी आणला असावा. पण तेवढा झेनॉन आणायला जेवढे धूमकेतू पुरतात, तेवढ्यांनी समुद्रात भर पडते अगदी थोडी. धूमकेतू आले, पण घागर त्यांनी भरली नाही.

संशयित दुसरा: ओले लघुग्रह

आकाशातून पडणारे दगड सगळे सारखे नसतात. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कापाषाण पडले. ते साधे, कोरडे दगड. त्यांच्या मूळ लघुग्रहात ते इतके भाजून निघाले, की पाणी म्हणावं असं काही राहिलं नाही. काटोलचा दगड वेगळ्याच कारणाने गाजला: पृथ्वीच्या पोटात खोलवर असणारं ब्रिजमनाइट हे खनिज त्यात सापडलं, आणि त्या अभ्यासात खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांचा मोठा वाटा होता. याउलट ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला जो दगड पडला, तो कोळशासारखा काळा, कार्बनयुक्त जातीचा. या जातीच्या दगडांत चिकणमातीसारखी खनिजं असतात आणि त्यांच्यात पाणी बांधलेलं असतं, काहींत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. आणि त्याचा ठसा? समुद्राच्या जवळचा.

पण पृथ्वीवर पडलेला दगड इथली हवा-पाणी शोषतो. म्हणून थेट लघुग्रहावरूनच माती आणायची ठरलं. जपानच्या हायाबुसा-२ यानाने २०२० च्या डिसेंबरमध्ये र्‍यूगू लघुग्रहावरची ५ ग्रॅमच्या वर माती आणली. अमेरिकेच्या यानाने २४ सप्टेंबर २०२३ ला बेन्नू लघुग्रहावरची १२१ ग्रॅम आणली. २०२५ च्या जानेवारीत बेन्नूच्या मातीबद्दल जे जाहीर झालं, ते मिठागर पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. त्या मातीत क्षार सापडले, अगदी साधं मीठसुद्धा, आणि खारं पाणी हळूहळू आटत जाताना ज्या क्रमाने क्षार मागे राहतात, तशा प्रकारचे. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या लघुग्रहाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वी खारं पाणी होतं आणि ते आटलं. पृथ्वीवर पहिलं मिठागर होण्याच्या कितीतरी आधी अवकाशात मीठ पिकलं होतं!

संशयित तिसरा: घरचाच माणूस

आतापर्यंत आपण धरून चाललो की पृथ्वी कोरडी होती आणि पाणी बाहेरून आलं. पण तसं नसेलच तर?

पृथ्वीच्या खडकांतल्या ऑक्सिजन, क्रोमियम, टायटॅनियम यांचे ठसे एका विशिष्ट जातीच्या उल्कापाषाणांशी जुळतात. त्यांना एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट म्हणतात. पृथ्वी मुख्यतः अशाच मालातून बांधली गेली असावी. हे दगड हिमरेषेच्या आतले, त्यामुळे ते ठार कोरडे मानले जात. २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी असे १३ उल्कापाषाण तपासले. त्यांत पाणी नव्हतं, पण खनिजांमध्ये हायड्रोजन होता. ऑक्सिजनला खडकांत तोटा नाही. हायड्रोजन असला की पाणी होतं. त्यांनी हिशेब मांडला, की पृथ्वी अशा दगडांची बनली असेल, तर त्या हायड्रोजनमधून आजच्या समुद्रांच्या किमान तिप्पट पाणी मिळू शकतं. आणि ठसा पृथ्वीच्या पोटातल्या पाण्याशी जुळतो.

म्हणजे पाणी बाहेरून आणावं लागलंच नसेल, निदान सगळं नाही. आज बहुतेक अभ्यासक मानतात ते असं: बराचसा हायड्रोजन पृथ्वीच्या मूळ मालातच होता, ओल्या लघुग्रहांनी त्यात मोठी भर घातली, धूमकेतूंनी चिमूटभर. कुणाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे.

आलेलं टिकलं कसं?

सुरुवातीला पृथ्वी वितळलेल्या खडकाचा गोळा होती. तो थंड होताना पोटातलं पाणी वाफ होऊन बाहेर आलं, आणि कवच गार झाल्यावर ते पावसाच्या रूपाने पडलं. ऑस्ट्रेलियात झिर्कॉन या खनिजाचे ४४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतचे कण सापडले आहेत, आणि त्यांतल्या अतिप्राचीन कणांच्या घडणीत द्रव पाण्याची खूण आहे. आपल्या जवळचा पुरावा हवा असेल, तर रेडीला गणपतीच्या दर्शनाला जाताना खाणींकडे बघा. तिथलं लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांतलं आहे, ते खडक प्राचीन समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोह गंजून तळाशी थरांनी बसल्यामुळे झाले. अशा खडकांचं वय अडीचशे कोटी वर्षांच्या घरात किंवा त्याहून जास्त. रेडीचा लाल दगड हा एका जुन्या समुद्राचा गाळ आहे.

शेजारच्या शुक्राचं काय झालं? आता मिठागराचा नियम लावा. शुक्राच्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त आहे. म्हणजे तिथे एकेकाळी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी होतं आणि ते आटलं. वाफ उंच गेली, सूर्याच्या अतिनील किरणांनी रेणू फुटले, हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. मंगळाच्या हवेतही हे प्रमाण पृथ्वीच्या पाच-सहा पट आहे.

मग आपलं का नाही आटलं? याचं उत्तर आंबोलीत आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढते, वर गार होते, आणि वाफेचं पाणी होऊन तिथेच कोसळतं. आंबोलीला वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि घाट ओलांडून पूर्वेला गेलं की तो झपाट्याने कमी होतो. पृथ्वीच्या सगळ्या हवेला असाच एक अदृश्य घाट आहे. आपल्या भागात सुमारे १६-१७ किलोमीटर उंचीवर हवा उणे ८० अंशांच्या आसपास असते. तिथपर्यंत पोचणारी वाफ गोठून खाली येते. वर जाते ती नावापुरती. शुक्रावर हा घाट पाणी अडवायला पुरला नाही. आजही पृथ्वीवरून सेकंदाला सुमारे ३ किलो हायड्रोजन निसटतो. पण याच वेगाने साडेचारशे कोटी वर्षांत समुद्र उतरला असता तो फक्त दहाएक मीटर.

प्रश्नोत्तरं

*चंद्रावर पाणी सापडलं म्हणतात, ते कुठून आलं?*

२००८ मध्ये गेलेल्या आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणांमुळे चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे अंश असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. त्यातला काही भाग तिथेच तयार होतो. सूर्याकडून सतत हायड्रोजनची अणुकेंद्रं येऊन चंद्राच्या मातीवर आदळतात आणि तिथल्या खडकातल्या ऑक्सिजनशी जोडली जातात. बाकीचं धूमकेतू-लघुग्रहांनी टाकलेलं, ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत साठलेलं.

*आपण पितो तेच पाणी डायनासोर प्यायले होते, हे खरं का?*

अणूंच्या बाबतीत खरं, रेणूंच्या बाबतीत नाही. तुमच्या पेल्यातल्या पाण्याचे रेणू आपापले हायड्रोजन शेजाऱ्यांशी सतत अदलाबदल करत असतात, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यामुळे कुठलाही एक रेणू फार काळ तोच राहत नाही. पण सगळ्या साठ्यातलं जड-हलक्याचं प्रमाण या अदलाबदलीने बदलत नाही. म्हणूनच साडेचारशे कोटी वर्षांचा ठसा आजही वाचता येतो.

*पाणी इतकं जुनं आणि आटत नाही म्हणता, मग आमच्या विहिरी का मचूळ होतायत?*

हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. जे आटत नाही ते पृथ्वीवरचं एकूण पाणी, आणि त्याचा ९७ टक्के भाग खारा आहे. तुमच्या विहिरीतलं पाणी हे गेल्या काही पावसाळ्यांचं आहे. त्याचा हिशेब वेगळा.

सिंधुदुर्ग किल्ला घ्या. १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं. चारी बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या बावी. लोकांना हा चमत्कार वाटतो. त्यामागे साधं वजन आहे. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत आणि खडकाच्या भेगांत मुरतो. खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्के जड असतं, म्हणून गोडं पाणी त्याच्यावर तरंगतं. किनाऱ्यावरच्या जमिनीसाठी एक ढोबळ नियम आहे: समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. हा नियम उलटाही चालतो. पंपाने उपसा करून वरची पातळी १ फूट उतरवली, की खालून खारं पाणी ४० फूट वर सरकू शकतं. रहाटाने पाणी काढायचे तेव्हा तेवढा उपसा व्हायचाच नाही. आता बटण दाबलं की होतो. कठीण खडकात हे आकडे जागोजागी बदलतील, पण दिशा हीच.

म्हणून उपाय दोनच बाजूंनी आहे. उपसा कमी आणि मुरवणं जास्त. पागोळ्यांचं पाणी गटारातून थेट समुद्रात जाऊ न देता जमिनीत घालणं, जुन्या तळ्यांचा गाळ काढणं, किनाऱ्याजवळ खोल बोअर मारण्याआधी दोनदा विचार करणं, आणि शेजारपाजारच्यांनी मिळून वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात, विहिरीची पातळी आणि पाण्याची चव लिहून ठेवणं. एकदा खारं पाणी आत शिरलं, की ते बाहेर ढकलायला अनेक पावसाळे लागतात. समुद्र भरायला कोट्यवधी वर्षं लागली, त्यात आपला हात नव्हता. विहीर गोडी ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याची मुदत दर वर्षी चार महिन्यांचीच असते.